मांजर कोणाचं?

“साबण आण,” वन्सं म्हणाल्या. “अंगाचा नको, कपड्याचा. लवकर.”

मी धुण्याच्या दगडावरची वडी उचलून दिली. वन्संनी जमादारांच्या तस्लिमचा हात मनगटाशी घट्ट धरून आमच्या मागच्या नळाखाली ओढला होता. अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक भोकं होती आणि तिथून वर एक लांब ओरखडा गेला होता. पोरगी पहिलीत होती. ओरडून ओरडून तिचा श्वास अडकायला लागला होता. तिची आई मुमताजभाभी कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली.

“सोडा की तिला, अक्का! दुखायलंय तिला!”

वन्संनी तिला कोपरानं बाजूला सारलं. साबण चोळायचा, पाण्याखाली धरायचं, परत साबण. नळ गेला तेव्हा त्यांनी बादलीतलं पाणी घेतलं. मला वाटलं, आता कातडं निघेल. वन्संचा चेहरा मात्र पातेलं घासताना असतो तसाच होता.

“कोण चावलं?” त्यांनी तस्लिमला विचारलं.

“मांजर. मी पिल्लू उचललं.”

“करड्या रंगाची? शेपटीला गाठ असलेली?”

पोरीनं मान हलवली.

“आता दवाखान्यात न्या,” वन्सं भाभीला म्हणाल्या. “हळद-बिळद काही लावू नका.” मग पदराला हात पुसून त्या पुन्हा डाळ निवडायला बसल्या.

आम्ही तेव्हा साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. माझे यजमान सुकुमार कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. बैठ्या क्वार्टर्सच्या रांगा, प्रत्येकाच्या मागं एवढंसं अंगण आणि अंगणात एक जळणाची खोली. गळीत हंगाम संपत आला होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडायची आणि मळीचा आंबूस वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. उसामुळं उंदीर होते आणि उंदरांमुळं मांजरं होती. किती, ते कोणी मोजलं नव्हतं. वर्षातून दोनदा कुठंतरी पिल्लं व्हायची, त्यातली काही ट्रकखाली जायची, काही कुत्र्यांच्या तोंडी. उरलेली पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं घालायची.

वन्सं म्हणजे यांच्या मोठ्या बहीण, इंदुमती. भाऊ त्यांना अक्का म्हणत आणि हळूहळू सगळी वसाहतही अक्का म्हणायला लागली. लग्नानंतर पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्यांच्या नवऱ्यानं दुसरी केली आणि यांना माहेरी आणून सोडलं. सासरे होते तोवर त्या शिरोळकडच्या घरी राहिल्या. ते गेल्यावर तिघा भावांनी बसून ठरवलं की अक्का चार-चार महिने प्रत्येकाकडं राहील. थोरले अण्णा गावाकडं शेती बघत, मधले भूपालभाऊजी इचलकरंजीत यंत्रमाग चालवत आणि आम्ही धाकटे इकडं. भांडण नव्हतं. कोणी त्यांना कधी वाईट बोललंही नाही. सुगीला त्या गावाकडं असत, उन्हाळी पापड-सांडग्यांना इचलकरंजीला आणि थंडीत आमच्याकडं. आमची सन्मती झाली त्या वर्षी त्या आमच्याकडं दोन महिने जास्त राहिल्या आणि पुढच्या वर्षी ते दोन महिने अण्णांनी फेडून घेतले.

त्यांना काय आवडतं, काय आवडत नाही, हे मला लग्नाला सहा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. काहीही विचारलं की “चालतंय” म्हणायच्या. त्या घरात असल्या की कामं उरकलेली दिसायची, एवढंच.

त्या दिवशी संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ माणसं जमली. कारखान्याच्या दवाखान्याचे डॉक्टर शेडबाळे तस्लिमला तालुक्याच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन देऊन घेऊन आले होते. त्या काळी ही इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत, एकूण चौदा. पोरगी भाभीच्या खांद्यावर गळून पडली होती आणि टाइमकीपर जमादार बाजूला नुसते उभे होते.

डॉक्टर म्हणाले, “इंजेक्शनं सुरू केलीत. ती घ्यायचीच. पण मांजर दहा दिवस डोळ्यांसमोर राहिलं आणि ठणठणीत राहिलं, तर पुढची थांबवता येतील. तेव्हा आधी सांगा, मांजर कोणाचं आहे?”

ते घाटगेवहिनींकडं वळले.

“घाटगेवहिनी, तुमच्या ओट्यावर असतं ना?”

“छे हो. आम्ही नुसतं दूध घालतो. उरलेलं.”

“आमच्याकडं फक्त झोपायला येतं,” स्टोअरकीपर लोंढे म्हणाले. “तेही पावसाळ्यात.”

“पिल्लं तर जमादारांच्याच बाथरूममागं घातलीत,” कोणीतरी मागून म्हणालं.

“घातली म्हणून आमची झाली व्हय?” जमादार पहिल्यांदाच बोलले.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. शिळी भाकरी दुधात कुस्करून मागच्या पायरीवर मीही ठेवत असे. “आमचं नाही,” मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

सुरक्षा अधिकारी घोरपडे पूर्वी फौजेत होते. त्यांना बोलणं लांबलेलं आवडत नसे. “डॉक्टर, सोपं आहे. उद्या सकाळी दोन वॉचमन देतो. सगळी मांजरं पोत्यात घालायची आणि नदीपलीकडं सोडायची. दरवर्षी करतो आपण.”

“आणि दरवर्षी नवी येतात,” डॉक्टर म्हणाले. “ते एक असो. हे मांजर पोत्यात गेलं तर पोरीला चौदाच्या चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील. मांजर इथंच पाहिजे. कोंडून, रोज कोणाच्या तरी नजरेखाली. त्याला काही झालं तर मला लगेच कळवायचं. ज्यानं कोणी पाळलंय त्यानं हे करायचं.”

“पाळलेलं नाहीच कोणी,” घाटगेवहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला आठवतं, त्या क्षणी सगळ्यांना बरंच हलकं वाटल्यासारखं झालं होतं. कोणाचंच नाही म्हणजे कोणावरच काही नाही.

“माझं आहे,” वन्सं म्हणाल्या.

त्या माझ्या मागं, सन्मतीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वन्संनी त्या मांजरीला कधी घास घातलेला मी पाहिला नव्हता. उलट मी भाकरी ठेवायला लागले की त्या म्हणायच्या, “घालायचं तर रोज घाल, नाहीतर सवय लावू नकोस.”

घोरपडे हसले. “तुमचं? कधीपासून?”

“आतापासून.”

“अक्का, तुम्ही तर पुढच्या आठवड्यात इचलकरंजीला जाणार ना?” लोंढ्यांनी विचारलं.

वन्सं सन्मतीला दुसऱ्या कडेवर घेऊन पुढं आल्या. “डॉक्टर, कोंडायचं कसं ते सांगा,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर यांनी दार लावून घेतलं. “अक्का, अगं हे काय काढलंस? आपल्या घरात तीन वर्षांची पोर आहे. ते मांजर पिसाळलेलं निघालं तर?”

“म्हणून तर जळणाच्या खोलीत ठेवते. घरात कुठं आणतेय? कुलूप माझ्याकडं राहील. तुझ्या पोरीला मी तिकडं फिरकू देणार नाही.”

“पण तूच कशाला?”

“दुसरं कोण तयार होतं? तू होतास?”

यांनी लावलेली कडी पुन्हा काढली. बहिणीनं त्यांना असं कधी विचारलं नसावं. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते सांगते. मला राग आला होता. खोली आमची, पोर आमची, क्वार्टर यांच्या नावावर, आणि निर्णय घेतला तो चार महिन्यांच्या पाहुणीनं. मी भांडी जरा आपटलीच.

दुसऱ्या दिवशी वन्संनी जळण बाहेर काढून अंगणात रचलं. जमिनीवर पोती अंथरली, एका कुंड्यात राख भरून ठेवली. मग हाताला जाड गोधडीचे तुकडे गुंडाळून त्यांनी जमादारांच्या बाथरूममागची पिल्लांची पेटी अलगद उचलून आणली. पिल्लं आत ठेवली आणि दाराआड थांबल्या. मांजर आलं, पण उंबऱ्यावर अडलं. आत जाईना, पिल्लांपासून लांबही जाईना. कान मागं टाकून नुसतं गुरगुरत होतं.

तेवढ्यात मुमताजभाभी वाटीत सुकट घेऊन आली आणि कुंपणापाशी घुटमळली. आमचं घर जैनांचं. आमच्या अंगणात कधी अंड्याचं टरफलही पडलं नव्हतं. भाभीला ते ठाऊक होतं.

“अक्का, ह्याच्याशिवाय ती आत जाणार नाही. पण तुमच्या हातात कशी देऊ?”

वन्संनी पदर नाकाला लावला आणि दुसरा हात पुढं केला. वाटी खोलीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. मांजर वासावर आत गेलं. वन्संनी बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि न्हाणीघरात गेल्या. डोक्यावरून अंघोळ करून आल्यावर त्या मला म्हणाल्या, “ती वाटी वेगळी ठेवू. तुझ्या भांड्यांत येऊ देणार नाही.”

“रोज घालणार का ते?”

“बघू. आज गरज होती.”

पहिल्या दोन रात्री मांजरीनं वसाहत डोक्यावर घेतली. खोलीच्या खिडकीला जाळी होती. तिथून सगळं ऐकू जायचं. सकाळी घाटगेवहिनी दुधाचा पेला घेऊन खिडकीशी आल्या.

“बिचारी कशी ओरडतेय. जरा दूध घालते.”

“नका,” वन्सं म्हणाल्या. “तिला दोन वेळा घरातनं मिळतंय.”

“अहो, पण सवय आहे तिला माझ्या हातची.”

“परवा टाकीजवळ तुम्हीच म्हणालात, ‘पाळलेलं नाहीच कोणी’.”

वहिनी रागावून गेल्या. त्यानंतर महिनाभर त्या आमच्याकडं विरजण मागायला आल्या नाहीत.

वन्संचा दिवस आता त्या खोलीभोवती फिरायला लागला. जाळीतून बघायचं. ती पाणी पिते का, लाळ गळते का, आवाज बदललाय का, उजेडाला कशी बघते, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि त्या ते एकेक करून पाहत. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आमची जेवणं झाली की त्या पाट घेऊन खिडकीखाली बसत. इंजेक्शन घेऊन आलेली तस्लिम आईच्या कडेवरून कुंपणापलीकडून विचारायची, “पाणी पिली का?”

“पिली,” वन्सं सांगत.

मग भाभी आत येऊन पायरीवर बसायची. दोघी फारसं बोलत नसत. वन्संच्याकडं त्यांच्यासाठी म्हणून कोणी आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. तिन्ही घरांत येणारी माणसं त्या-त्या घराची असायची.

आठवडा होत आला होता. एका सकाळी वन्सं खिडकीतून वळल्या आणि म्हणाल्या, “सुलोचना, डॉक्टरांना बोलावणं धाड.”

मांजर कोपऱ्यात पडली होती. ताटली तशीच भरलेली. पिल्लं लुचत होती तरी तिची हालचाल नव्हती. डोळे अर्धे मिटलेले. मी सन्मतीला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली.

डॉक्टर आले, जाळीतून बराच वेळ पाहिलं, काठीनं पोत्याची कड हलवून बघितली. मांजरीनं नुसता कान हलवला.

“आत्ता काही सांगता येत नाही,” ते म्हणाले. “आत कोणी जाऊ नका. इंजेक्शनं चालूच आहेत, ती चुकवू नका. संध्याकाळपर्यंत पाणी पिते का ते बघा. गेली तर हात लावायचा नाही, मला सांगायचं. तपासणीला पाठवावं लागेल.”

मुमताजभाभी अंगणातच बसून राहिली. तिनं डोकीवरून पदर घेतला होता आणि ओठ हलत होते. तस्लिम आजीजवळ होती. मी भाभीला चहा दिला तो तिनं घेतला नाही.

आणि नेमके त्याच दुपारी भूपालभाऊजी आले. कारखान्याला पोती शिवायचं सूत घेऊन आलेला ओळखीचा टेम्पो परत जाणार होता, त्यातून अक्काला घेऊन जायचं, असा त्यांचा बेत होता.

“चल अक्का, आवर. चारला निघायचं आहे.” ते अंगणात खाटेवर टेकले. “यंदा पापडाचं पीठ जास्त केलंय. ही एकटी किती लाटणार?”

“मला आज यायचं नाही,” वन्सं खिडकीपाशीच उभ्या राहून म्हणाल्या.

“मग कधी? परवा? परवा टेम्पो नाही. एसटीनं यावं लागेल.”

“सांगता येत नाही. मांजर आजारी आहे.”

भाऊजींनी आधी यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हे सुट्टी घेऊन घरी आले होते. त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. भाऊजी हसायला लागले. मनानं माणूस वाईट नव्हता. तिकडून येताना वन्संसाठी दरवर्षी लुगडं आणायचा, तो यंदाही घेऊन आला होता.

“अगं, वसाहतीचं मांजर ते. तू कशाला गळ्यात घेतेस? उद्या मेलं तर वसाहत बघेल.”

“वसाहत म्हणजे कोण, भूपाल?”

“कोण म्हणजे? सगळे.”

“सगळ्यांना विचारून झालं. दूध घालणारे आठ जण निघाले. माझं म्हणणारा एक निघाला नाही.”

“बरं, मग सुलोचना बघेल. तू चल.”

वन्संनी जाळीवरचा हात काढला आणि भावाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, “मी कुठं राहते रे?”

“काय?”

“बाहेरचं कोणी विचारलं, तुमची अक्का कुठं असते, तर काय सांगतोस?”

“काय सांगणार? आमच्या तिघांकडं असते.”

“तिघांकडं म्हणजे कुठं?”

“अक्का, हे काय लावलंयस? तुला कोणी काही कमी केलंय का? कोणी काही बोललं का?”

“कोणी काही कमी केलं नाही. तिन्हीकडं जेवायला मिळालं. तू लुगडं आणतोस. अण्णा आजारपणात दवाखान्यात नेतो. इथं सुलोचना उठल्याबरोबर मला आधी चहा देते.” त्यांनी मान वळवून एकदा खिडकीकडं बघितलं. “मागच्या वर्षी गावाकडनं निघाले त्या दिवशी ताप होता मला. अण्णा म्हणाला, भूपालकडं जाऊन दाखव, तिथं चांगला डॉक्टर आहे. तुझ्याकडं आले तर तू म्हणालास, अण्णानं असं कसं पाठवलं. तुम्ही दोघं आठवडाभर फोनवर तेच बोलत होतात. मी ऐकत होते आतून.”

भाऊजी खाली बघायला लागले. यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुमताजभाभी भिंतीकडं तोंड करून बसली होती, पण तिचे ओठ हलायचे थांबले होते.

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, टाकीजवळ ‘माझं आहे’ म्हणताना ही बाई नेमकं काय ऐकून बोलली होती. माझाही आवाज त्या ऐकण्यात होता.

“भाऊजी,” मी म्हणाले, “वन्संना नेऊ नका. त्या इथंच राहतील.”

“मांजर बरं होईपर्यंत?”

“नाही. कायमच्या. चार महिन्यांचं काही नाही आता.”

नवऱ्याला न विचारता मी एवढं मोठं बोलले, ते आजवरचं पहिलंच. त्यात सगळा चांगुलपणा होता असं मी म्हणणार नाही. सन्मतीला सांभाळायला माणूस हवं होतं आणि मला शाळेत नोकरी धरायची होती. पण त्या घटकेला हे काही मनात आलं नव्हतं, एवढं खरं. वन्संनी माझ्याकडं बघितलं. आभाराचं बघणं नव्हतं ते. बाजारात मापून बघावं तसं होतं.

“सुकुमारला विचार आधी,” त्या म्हणाल्या.

यांनी चष्मा परत घातला. “अक्का, मी वर्षभरापूर्वीच म्हणायला हवं होतं,” ते म्हणाले. “अण्णांशी मी बोलतो.”

भाऊजी उठले. दारापर्यंत जाऊन परत आले. “मग पापडाचं काय करू?” त्यांनी अगदी खरोखरीच्या काळजीनं विचारलं. आणि वन्सं हसल्या. मोठ्यानं हसल्या. मीही हसले. शेवटी भाऊजींनाही हसू आवरलं नाही.

“सुट्टीत सुलोचनाला घेऊन येते. चार दिवसांत उरकू. परत मात्र येणार.”

टेम्पो निघून गेला. ऊन उतरलं. सूर्य कलायला लागला तरी आम्ही कोणी जेवायला उठलो नाही. मग भाभी एकदम उभी राहिली आणि खिडकीकडं बोट केलं.

मांजरीनं मान वर केली होती. अंग आकसून तिनं दोनदा हिसका दिला आणि पोत्यावर केसांचा ओला गोळा ओकून टाकला, त्यात खोलीत शिरलेल्या कुठल्याशा उंदराच्या कातड्याचे तुकडे होते. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग पाण्याच्या वाडग्याशी गेली आणि पाणी प्यायली. बराच वेळ, जीभ वाजवत. भाभी खाली बसली आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत भरली तेव्हा मांजर खिडकीच्या जाळीवर चढून वर टांगलेल्या रिकाम्या शिंकाळ्याला पंजा मारत होती. तस्लिमची उरलेली इंजेक्शनं थांबली.

घोरपडे त्या वर्षी पोती घेऊन आले नाहीत. पुढं ती पद्धतच बंद झाली, पण त्याला वेळ लागला आणि बरीच तोंडं वाजली. वन्सं आमच्याकडं शेवटपर्यंत राहिल्या, म्हणजे एकोणीस वर्षं. वसाहतीतल्या मांजरींची ऑपरेशनं करून आणायचं काम त्यांनी आणि मुमताजभाभीनं मिळून काढलं. ज्याच्या ओट्यावर मांजर खातं त्यानं बसभाडं द्यायचं, असा त्यांचा हिशेब होता. लोक कुरकुरत द्यायचे. पिल्लू मागायला कोणी आलं की वन्सं दारातच विचारायच्या, रात्री आत घेणार का, गावाला गेलात तर कोण बघणार. काही जण तिथूनच परत जायचे. उंदीर वाढतील अशी सगळ्यांना भीती होती. ते काही फारसे वाढले नाहीत.

पण मी सांगायला बसते तेव्हा मला आठवतो तो त्यातला पहिला दिवस. पिल्लं आईचं दूध सोडून खायला लागली तेव्हाचा. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की इथं गाई-म्हशींचं होतं, मांजराचं ऑपरेशन कोल्हापूरला करतात. वन्संनी झाकणाच्या बुट्टीत मांजर घातली, वरून लुगड्याचा तुकडा बांधला, आणि आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं निघालो. सारा रस्ताभर ती ओरडत होती. कंडक्टर म्हणाला, “मावशी, कोंबडी न्या, बकरं न्या. मांजर नेणारी पहिलीच बघितली.” वन्संनी बुट्टी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दवाखान्यात खिडकीपलीकडं एक कारकून बसला होता. आमच्या पुढं एक म्हैसवाला होता. त्याचं झालं आणि आमची पाळी आली.

“मालकाचं नाव?” कारकुनानं मान वर न करता विचारलं.

वन्संनी बुट्टीवरची गाठ चाचपली. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात. त्या माणसाचं नाव त्यांनी किती वर्षांत घेतलं नव्हतं, मला ठाऊक नाही. मी पुढं होऊन काहीतरी सांगणार होते. त्यांनी माझा हात धरला.

“मावशी, मालक कोण? नाव सांगा, मागं रांग आहे.”

“मालक नाही,” वन्सं म्हणाल्या. “मी आहे.”

“तेच हो. तुमचं नाव सांगा.”

“इंदुमती.” आमच्या रेशनकार्डावर त्यांच्या नावापुढं अजून सासरचं नाव होतं. “इंदुमती आदगोंडा मगदूम.”

आदगोंडा माझ्या सासऱ्यांचं नाव. कारकुनानं लिहून घेतलं.

“पत्ता?”

मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, पण त्याची गरज पडली नाही. बी टाइप, नऊ नंबर, कारखाना वसाहत, पुढं तालुका आणि जिल्हा, सगळं त्यांनी एका दमात, माझ्याकडं न बघता सांगितलं. आत नोकरानं बुट्टी उचलून नेली. मांजर ओरडली तशा वन्सं दोन पावलं मागून गेल्या आणि दाराशी थांबल्या.

“दुपारी न्यायला या,” कारकून कागद पुढं सरकवत म्हणाला. “टाके सुकेपर्यंत बाहेर सोडू नका. दहा-बारा दिवस घरातच ठेवावी लागेल. जमेल का?”

“घरातच असते ती,” वन्सं म्हणाल्या.